हातबनावटीच्या पाणबुडीतला श्वास



काही माणसांना नोकरीधंदा सांभाळून, सुटीच्या दिवशी घरामागच्या शेडमध्ये पाणबुडी बांधण्याचा छंद असतो. ऐकून हसू येईल. आपल्याकडे फार तर कोणी होडी बांधील, पाणबुडी कशाला बांधील? पण अमेरिकेत आणि युरोपात असे हौशी लोक आहेत. जॉर्ज किट्रेज हा अमेरिकन नौदलातला निवृत्त अधिकारी. त्याने एकट्या माणसाला बसता येईल अशा एका छोट्या पाणबुडीचा आराखडा केला. तिचे नाव 'के-२५०', म्हणजे अडीचशे फूट खोलीसाठी योजलेली. पोलादी पत्रा, वेल्डिंग, जाड काचेच्या खिडक्या, मोटारीत वापरतात तशा बॅटऱ्या, एवढ्या सामानावर असे यान उभे राहते. गावातल्या हुशार फॅब्रिकेटरला दाखवले तर तो म्हणेल, "एवढंच ना? करून देतो."

तो करूनही देईल कदाचित. आत पाणी येणार नाही इतके बेमालूम वेल्डिंगही करील. पण नंतर त्यात बसून, वरचे झाकण आतून आवळून तळ्यात उतरायचे म्हटले, तर एक प्रश्न उरतो आणि तो वेल्डिंगचा नाही. आत श्वास कशाचा घ्यायचा? पुष्कळांना वाटते, त्यात काय, प्राणवायूची एक टाकी ठेवली की झाले. २०२१ च्या उन्हाळ्यानंतर तर ऑक्सिजनचा सिलिंडर काय चीज आहे हे घराघरांत माहीत झाले आहे. पण नुसत्या टाकीने हा प्रश्न सुटत नाही. का सुटत नाही, तेच आज आपण पाहणार आहोत.

प्रथम थोडा हिशेब करू. घाबरू नका, शेतसाऱ्याच्या हिशेबापेक्षा सोपा आहे. तेलाचे मोठे पिंप दोनशे लिटरचे असते. अशी पाच पिंपे म्हणजे एक हजार लिटर, म्हणजेच एक घनमीटर. एकट्याच्या छोट्या पाणबुडीत साधारण एवढीच, किंवा याच्या दीडपट, हवा मावते. या हजार लिटर हवेत प्राणवायू सुमारे २१० लिटर. बाकी बहुतेक नत्रवायू, तो आपल्या कामाचा नाही आणि त्रासाचाही नाही. शांत बसून थोडेफार हातपाय हालवणारा माणूस तासाला सुमारे २५ लिटर प्राणवायू खर्च करतो. मग २१० भागिले २५, म्हणजे आठ तास पुरेल, असे कोणीही म्हणेल. शाळेतला मुलगाही हेच उत्तर देईल. आणि या हिशेबावर विश्वासून पाण्याखाली गेलेला माणूस आठ तासांच्या खूप आधी मरेल.

चूक भागाकारात नाही, आपण अर्धेच खाते पाहिले यात आहे. प्राणवायू आत घेतला की त्याच्या बदल्यात माणूस कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर टाकतो. जुन्या क्रमिक पुस्तकांत याला कर्बद्विप्राणिद म्हणत. जीभ अडखळते म्हणून मी इंग्रजी नावच घेतो. हा वायू तासाला सुमारे २२ लिटर निघतो. मोकळ्या हवेत तो वाऱ्यावर जातो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. बंद पिंपात तो जाणार कुठे? तासाभरात हजार लिटरांत २२ लिटर, म्हणजे शेकडा दोनपेक्षा जास्त झाला. बाहेरच्या हवेत तो शेकडा ०.०४ इतकाच असतो. दीड तासाच्या सुमारास तो शेकडा तीनवर जातो; श्वास जोराने चालू लागतो, डोके जड होते. सव्वादोन तासांनी शेकडा पाच. आता माणूस धापा टाकतो, घाम फुटतो, डोके ठणकते, आणि विचार नीट चालत नाही. शेकडा दहाच्या आसपास गेला की काही मिनिटांत शुद्ध हरपते.

आता गंमत बघा. सव्वादोन तासांनी, म्हणजे हा माणूस धापा टाकीत असताना, प्राणवायू किती उरला आहे? शेकडा पंधरापेक्षा थोडा जास्त. लेह शहर समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे. तिथली हवा इतकी विरळ आहे, की छातीला मिळणारा प्राणवायू याहूनही कमी पडतो. आपला प्रवासी तिथे पहिल्या दिवशी डोके धरून बसतो खरा, पण जगतो. दोन दिवसांनी चहा पीत बाजारात हिंडतो. याचा अर्थ असा, की बंद जागेत माणसाच्या जिवावर आधी उठतो तो प्राणवायूचा तुटवडा नव्हे. आधी उठतो त्याचाच टाकलेला श्वास.

शिक्षक मंडळींना यावर एक प्रयोग माहीत असेलच. पानाच्या डब्यातला चिमूटभर चुना पेलाभर पाण्यात ढवळावा, रात्रभर तसाच ठेवावा, आणि सकाळी वरचे नितळ पाणी ओतून घ्यावे. ही चुन्याची निवळी. तीत पपईच्या देठाची पोकळ नळी बुडवून हळूहळू फुंकावे. (ओढू नये, चुना तोंडात जाईल.) निवळी दुधासारखी पांढरी होते. उच्छ्वासातल्या कार्बन डाय-ऑक्साइडला चुन्याने धरले आणि त्याची खडू झाली. हा पेला लक्षात ठेवा. पुढे पाणबुडीत तोच आपल्या कामाला येणार आहे.

हे ज्ञान माणसाला सहजासहजी मिळाले नाही. १७७४ साली इंग्लंडात जॉन डे नावाच्या माणसाने पैजेवर एका जुन्या गलबतात बंद खोली बांधून घेतली आणि प्लिमथच्या बंदरात तो तिच्यासकट तळाशी गेला. बारा तासांनी वर येणार होता. बरोबर बिस्किटे, पाणी आणि एक मेणबत्ती घेतली होती. तो वर आला नाही. बहुधा पाण्याच्या दाबानेच ती खोली चिरडली असावी, त्यामुळे हवेची परीक्षा झालीच नाही. पण त्या मेणबत्तीकडे पाहा. मेणबत्ती जळते म्हणजे माणसासारखाच श्वास घेते. साधी मेणबत्ती जवळजवळ पाऊण विसावलेल्या माणसाइतका प्राणवायू खाते. सोबतीला म्हणून तिला घेऊन जाणे म्हणजे एका माणसाच्या शिध्यावर आणखी एक पाहुणा आणून बसवणेच होय.

पुढच्याच वर्षी अमेरिकेत डेव्हिड बुशनेल या तरुणाने 'टर्टल', म्हणजे कासव, नावाची लाकडी पाणबुडी बांधली. घरच्या घरी बांधलेल्या पाणबुड्यांची ही खरी आद्य माता. आत एक माणूस, हाताने फिरवायचे मळसूत्र, वर हवेसाठी दोन पितळी नळ्या. पाण्याखाली गेल्यावर नळ्या बंद, आणि मग आतल्या हवेवर सुमारे अर्धा तास काढता येई. बुशनेलला मेणबत्तीचा हिशेब पक्का कळला होता. अंधारात होकायंत्र दिसावे म्हणून त्याने दिवा ठेवला नाही. कुजक्या लाकडावर वाढणारी, अंधारात आपोआप चकाकणारी बुरशी होकायंत्रावर लावली. पावसाळ्यात भीमाशंकरच्या रानात अशी चमकणारी बुरशी आपल्याकडेही दिसते. तिचा उजेड मंद असतो, पण तो हवा जाळीत नाही. सप्टेंबर १७७६ मध्ये एझ्रा ली नावाचा सार्जंट हे कासव घेऊन न्यूयॉर्कच्या बंदरात इंग्रजांच्या 'ईगल' या युद्धनौकेखाली गेला. सुरुंग लावण्याचे काम काही जमले नाही, पण तो जिवंत परत आला.

यापुढची गोष्ट मला सगळ्यांत बोलकी वाटते. अमेरिकेतल्या यादवी युद्धात दक्षिणेकडच्या लोकांनी 'हन्ली' नावाची लोखंडी पाणबुडी बांधली. आत माणसे ओळीने बसून एक लांब दांडा हाताने फिरवीत. नव्या हवेसाठी भाता आणि नळ्या होत्या, पण त्यांचा फारसा उपयोग होत नसे. चाचणीतच ही पाणबुडी दोनदा बुडून तेरा माणसे गेली होती. तरी नवे लोक तयार झाले. त्यांनी ठरवले, तळाशी जाऊन बसायचे आणि हवा किती वेळ पुरते ते पाहायचे. नऊ जण होते. ठराव असा, की कोणाही एकाने "वर" असे म्हटले की ताबडतोब वर निघायचे. पंचवीस मिनिटांत मेणबत्ती विझली, पुन्हा पेटेना. गडद अंधार. आता प्रत्येकाला वाटू लागले, की पहिला "वर" म्हणणारा भित्रा मी ठरू नये. म्हणून कोणी बोलेना. मधूनमधून "कसं काय?" एवढेच कोणीतरी विचारी. शेवटी नऊही तोंडांतून तो शब्द एकाच क्षणी बाहेर पडला. वर निघावे तो मागचा पंप चालेना. त्यात पाणवनस्पती अडकली होती. अलेक्झांडर नावाच्या त्यांच्या अधिकाऱ्याने अंधारात, केवळ हाताच्या आठवणीवर, पंपाची झडप काढून साफ केली. ते वर आले तेव्हा दोन तास पस्तीस मिनिटे झाली होती, आणि किनाऱ्यावरची माणसे हे मेले असे समजून निघून गेली होती. पंपाची सवय हाताला नसती, तर त्या जड झालेल्या डोक्यांना ते काम साधले नसते. पुढे १७ फेब्रुवारी १८६४ रोजी 'हन्ली'ने शत्रूचे जहाज बुडवले, पण त्या रात्री तीही परतली नाही. २००० साली तिला समुद्रातून वर काढले तेव्हा आतल्या माणसांचे अवशेष आपापल्या जागीच होते.

मेणबत्तीचा हा कौल आपल्या खेड्यापाड्यांत जुनाच आहे. सांगलीजवळ हरिपूरला हळद साठवण्याची जमिनीतली पेवे प्रसिद्ध होती. पेव उघडले की कोणी लगेच उतरत नसे; आधी ते वारे लागायला मोकळे ठेवीत, मग दोरीने कंदील खाली सोडीत. कंदील विझला तर माणसाने उतरायचे नाही. अनुभवाने शिकलेले हे शहाणपण पेवापुरते अगदी बरोबर आहे. तिथे धान्याने, बुरशीने आतला प्राणवायू खाल्लेला असतो, आणि तेवढाच कार्बन डाय-ऑक्साइड साचलेला असतो. दोन्ही खाती बरोबरीने बिघडलेली असतात, म्हणून ज्योत खरे बोलते. पण हाच कंदील गोबरगॅसच्या किंवा मैल्याच्या टाकीवर कधीही नेऊ नका. तिथला वायू पेट घेतो, आणि ज्योत जळत असतानाही माणसाला मारणारा विषारी वायू तिथे असू शकतो.

पाणबुडीत तर कंदिलाचा कौल आणखी एका कारणाने फसवा ठरतो. समजा, आपण आत प्राणवायूची टाकी ठेवली आणि तोटी थोडी उघडून खर्च भरून काढीत राहिलो. प्राणवायू शेकडा एकवीस. ज्योत झकास जळते आहे. पण कार्बन डाय-ऑक्साइड आपला वाढतोच आहे: पाच, सहा, सात. त्याने ज्योत विझत नाही. ती विझायला तो याच्या दुपटीहून जास्त लागतो. दिव्याच्या उजेडात माणूस शुद्ध हरपून पडेल आणि दिवा तेवत राहील. नुसत्या टाकीने प्रश्न का सुटत नाही, त्याचे हे उत्तर.

म्हणून सगळी किमया त्या चुन्यात आहे. हौशी पाणबुडीवाले आत एक डबा ठेवतात. त्यात 'सोडा लाइम' नावाचे दाणे भरलेले असतात. मुख्यतः विरी गेलेला चुना, त्यात थोडा दाहक सोडा आणि थोडा ओलावा. हेच दाणे शस्त्रक्रियेच्या खोलीत भूल देण्याच्या यंत्रातही असतात. त्यांत रंग मिसळलेला असतो आणि चुना संपत आला की पांढरे दाणे जांभळे होतात. डब्यावर एक लहानसा पंखा आतली हवा त्या दाण्यांतून ओढतो. पंखा बंद पडला तर डबा जवळ असूनही निरुपयोगी, कारण बंद जागेत हवा आपण होऊन त्याच्याकडे जात नाही. एका किलोचा चुना माणसाचा पाच-सहा तासांचा उच्छ्वास गिळतो असे धरावे.

दर वर्षी वर्गात एखादा विद्यार्थी विचारतोच, "सर, आत दोन-चार कुंड्या ठेवल्या तर?" प्रश्न चांगला आहे. झाड कार्बन डाय-ऑक्साइड घेते हे खरे. पण एका माणसाचा हिशेब फेडायला खोलीभर पानांचा पसारा आणि भर दुपारचा उजेड लागेल. पाण्याखालच्या अंधारात कुंडीतले रोप उलट आपल्याच प्राणवायूत वाटेकरी होईल.

आता दुसरी बाजू. चुन्याचा डबा उत्तम चालला आहे, पण प्राणवायूची तोटी उघडायची राहून गेली. मग काय होईल? इथे मला आपल्या शरीराच्या एका मोठ्या उणिवेबद्दल सांगायचे आहे. श्वास कोंडला की आपला जीव घाबरा होतो, धाप लागते. आपण समजतो, की प्राणवायू कमी झाला म्हणून. तसे नाही. ती हाक मुख्यतः साचलेल्या कार्बन डाय-ऑक्साइडची असते. दोन दारे असलेल्या वाड्यात एकाच दारावर पहारेकरी ठेवावा, तसा हा प्रकार. चुना कार्बन डाय-ऑक्साइड चोख शोषून घेत असेल, तर पहारेकरी शांत झोपतो. दुसऱ्या दारातून प्राणवायू निघून जातो आणि माणसाला काहीच वाटत नाही. उलट बरे वाटते, थोडे मजेत असल्यासारखे. मग डोळ्यांपुढे अंधारी, की संपले. जुन्या बंद विहिरीत उतरलेला माणूस हाक न मारताच कोसळतो, आणि त्याला काढायला गेलेला दुसराही तसाच कोसळतो, त्यामागेही पुष्कळदा हेच असते.

तेव्हा पाणबुडीत बसलेल्या माणसाने "मला बरं वाटतंय" यावर काडीचाही भरवसा ठेवायचा नसतो. आत दोन मापके लागतात, एक प्राणवायूचे आणि एक कार्बन डाय-ऑक्साइडचे. एकावर दुसऱ्याचे काम भागत नाही. शिवाय पुष्कळ जण साधा वायुभारमापकही ठेवतात. त्याची युक्ती मजेची आहे. माणूस तासाला २५ लिटर प्राणवायू घेतो, त्याच्या जागी टाकलेले २२ लिटर चुना खाऊन टाकतो. म्हणजे बंद पिंपातली हवा तासाला २५ लिटरने घटते आणि काटा खाली येऊ लागतो. मग तोटी इतकी उघडायची, की काटा जागच्या जागी राहील. झाला हिशेब बरोबर! पण समजा, चुना मेला. मग घेतलेल्या प्राणवायूच्या जागी कार्बन डाय-ऑक्साइड बसतो आणि काटा फारसा हालतच नाही. माणूस म्हणतो, वा, सगळे ठीक आहे. आणि तोटीही उघडीत नाही. दोन्ही दारे एकदम उघडी पडतात ती अशी.

तोटी जास्त उघडली तर चालेल का? तेही नाही. प्राणवायू शेकडा तेवीसच्या वर गेला की ठिणगीला कपडाही भराभरा पेटतो. जानेवारी १९६७ मध्ये अमेरिकेत 'अपोलो-१' या अवकाशयानाच्या जमिनीवरच्या चाचणीत शुद्ध प्राणवायू भरलेल्या कोठडीला आग लागून तीन अंतराळवीर गेले. म्हणून प्राणवायूच्या तोटीला तेल किंवा ग्रीस कधी लावत नाहीत. आपल्याकडे कोणतीही आटे घट्ट बसली की आपण पहिल्यांदा तेलाचे बोट लावतो. इथे ते बोट जिवावर बेतते.

मग बरोबर न्यायचे तरी किती? अशा छोट्या पाणबुड्यांना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था ठरलेल्या बुडीच्या वेळेखेरीज आणखी ७२ तासांचा साठा मागतात. एका माणसासाठी हे म्हणजे अठराशे लिटर प्राणवायू, तो दोनशे वातावरणांच्या दाबाने भरलेल्या दहा लिटरच्या एका टाकीत मावतो. आणि चुना मात्र तेरा-चौदा किलो! लोक टाकीकडे पाहतात. खरी जागा अडवतो तो चुना. चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेच्या 'मत्स्य ६०००' या तिघांच्या पाणबुडीचा आराखडा १२ तासांच्या कामाचा आणि संकटकाळी ९६ तासांचा आहे. जून २०२३ मध्ये 'टायटन' ही पाणबुडी टायटॅनिकजवळ हरवली तेव्हा चार दिवस सगळे जग हेच ९६ तास मोजत बसले होते. प्रत्यक्षात ती पहिल्याच दिवशी पाण्याच्या दाबाने चिरडली गेली होती. तिथे हवेचा प्रश्न उरलाच नव्हता.

पण जिथे तो उरला, अशा दोन घटना एकाच वर्षी, १९७३ साली, घडल्या. पहिली जूनमधली. एडविन लिंक हा अमेरिकेतला नामांकित संशोधक. वैमानिकांना जमिनीवर बसून शिकण्याचे यंत्र त्यानेच काढले. उतारवयात त्याला समुद्राचे वेड लागले आणि त्याने 'जॉन्सन सी लिंक' ही छोटी पाणबुडी योजिली. पुढे पारदर्शक प्लास्टिकचा जाड गोल, त्यात दोघे. मागे ॲल्युमिनियमची कोठडी, त्यात दोघे. १७ जूनला फ्लॉरिडाच्या किनाऱ्याबाहेर, ३६० फुटांवर, एका बुडवलेल्या जुन्या युद्धनौकेच्या तारांत ती अडकली. मागच्या कोठडीत होते अल्बर्ट स्टोव्हर आणि एडविनचा स्वतःचा मुलगा क्लेटन, वय ३१.

सुटका व्हायला तीस तासांहून अधिक वेळ लागला. पुढचे दोघे जगले. मागचे दोघे गेले. प्राणवायू कमी पडला नव्हता. मागेही चुन्याच्याच जातीचे दाणे होते. पण ॲल्युमिनियममधून उष्णता भराभर निघून जाते. कोठडी बाहेरच्या पाण्याइतकी थंडगार झाली, आणि थंडीत चुना आळसावतो, शोषण्याचे काम जवळजवळ सोडून देतो. पुढच्या जाड प्लास्टिकने ऊब धरून ठेवली होती, म्हणून तिथला चुना चालला. उन्हाळी कपड्यांवर, थोड्या वेळासाठी खाली गेलेली माणसे. पाणबुडी फुटली नाही, पाणी आत आले नाही. बापाने बांधलेल्या कोठडीत मुलगा गेला तो दाण्यांना थंडी वाजली म्हणून. एडविन लिंकने त्यानंतर अडकलेल्या पाणबुडीला सोडवणारे यंत्र तयार करण्याच्या कामाला स्वतःला वाहून घेतले.

दुसरी घटना त्याच वर्षाच्या ऑगस्टअखेरीची. आयर्लंडपासून दीडशे मैलांवर, समुद्रतळाशी दूरध्वनीची तार पुरण्याचे काम 'पायसिस-३' ही पाणबुडी करीत होती. आत दोघे, रॉजर चॅपमन आणि रॉजर मॅलिन्सन. बसायला सहा फूट व्यासाचा एक पोलादी गोल. काम आटोपून वर आल्यावर तिला ओढून घेताना मागच्या भागाचे झाकण निखळले, तिथे पाणी भरले आणि ती १,५७५ फुटांवर तळाशी गेली. सगळी मिळून ७२ तासांची हवा, त्यातले काही तास आधीच खर्चलेले. आणि मदतीच्या पाणबुड्या दूर देशांतून यायच्या होत्या.

या दोघांना दोन्ही खाती पाठ होती. त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे बोलणे बंद. बोलण्याला हवा लागते. एकमेकांचा हात दाबून "मी आहे" एवढे कळवीत. खाली जड, घाण हवा साठते म्हणून जमेल तितके वर चढून पडून राहत. दर चाळीस मिनिटांनी प्राणवायू सोडायचा आणि शोषक दाण्यांचा पंखा लावायचा असा नियम होता; हे थोडे आणखी थांबत, कार्बन डाय-ऑक्साइड जरा वाढू देत, म्हणजे साठा ताणता येई. त्याने गुंगी येई, डोके दुखे, पण किती वाढू द्यायचा हे त्यांना ठाऊक होते. खायला एक सँडविच आणि प्यायला लेमोनेडचा एक डबा. पोलादावर जमलेले दंव चाटीत. पहिल्या दोरीचे जमेना, दुसरी अडके. १ सप्टेंबरला दुपारी पाणबुडी पाण्यावर आली तेव्हा ते आत शिरल्याला साडेचौऱ्याऐंशी तास झाले होते. टाकीत १२ मिनिटांचा प्राणवायू शिल्लक होता.

त्या बुडीपूर्वी मॅलिन्सनने पाणबुडीची नेहमीप्रमाणे तपासणी केली होती. प्राणवायूची टाकी अर्धीमुर्धी वापरलेली होती, पण त्या दिवसाच्या कामाला ती पुरून उरली असती. टाक्या जड असतात, बदलायचे काम कटकटीचे, आणि कारण नसताना बदलली म्हणून वर कोणी रागावलेही असते. तरी त्याने ती काढली आणि तिच्या जागी भरलेली बसवली.